सेवेरोच्या पाच मुठी

सेवेरो तिंतायाच्या कामाच्या खोलीत, खिडकीलगतच्या भिंतीवर, माइक धरायच्या पाच मुठी ओळीनं टांगलेल्या असत. डोंगरावरच्या एल आल्तो शहरात लग्नांचे आणि उत्सवांचे व्हिडिओ काढणारे झाडून सगळे कधी ना कधी त्या भिंतीपुढे उभे राहून गेले होते. दूरच्या ओरुरोहूनही माणसं येत. कॅमेरा कुणाचा कुठलाही असो, माइकखाली मूठ मात्र सेवेरोच्या हातची हवी, असं त्या धंद्यात ठरूनच गेलं होतं. येणारा एकेक मूठ काढून हातात तोलून बघे आणि म्हणे, "मास्तर, तुम्हाला हे सुचतं तरी कसं?"

सेवेरो नुसता हसे. एकदा कुणाला तरी तो म्हणाला, "सुचत नाही हो, सुचावं लागतं." 

पहिली मूठ झाडूच्या दांड्याची. ती केली तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता आणि खाटा-कपाटं करून पोट भरत होता. बायकोचा धाकटा भाऊ एलोय एक दिवस उसनवारीचा कॅमेरा खांद्यावर घेऊन दारात आला.

"दाजी, चित्र मी काढतो, आवाज तुम्ही धरा. रंधा धरणाऱ्या हाताला माइक काय जड आहे?"

"आणि खाटा कोण करणार?"

"खाटेवर झोपणारे सगळे ब्वेनोस आयरेसला गेले. आता त्यांना खाटा नकोत, व्हिडिओ हवेत."

ते खरंच होतं. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिकडे, सीमेपलीकडे, शिवणकामाला गेलेलं. उत्सवाचा व्हिडिओ तिकडे पोचला की रविवारी चार घरं एकत्र बसून तो बघत, आणि बघण्यापेक्षा ऐकत. इकडच्या म्हाताऱ्यांनी माइकपुढे आपलं नाव घेतलं का, कुणानंतर घेतलं, कसं घेतलं. चित्र डुगडुगलं तर कुणी बोलत नसे. पण आजोबांचे ओठ हलले आणि नाव ऐकू आलं नाही, तर दोन देशांत मिळून सहा महिने अबोला. सेवेरोला हे पहिल्या वर्षीच कळलं आणि त्यानं आवाज मनावर घेतला.

वाऱ्यासाठी त्यानं अल्पाकाच्या कातड्याची केसाळ टोपी शिवली, माइकवर चढवायची. एल आल्तोच्या वाऱ्यात उघडा माइक धरला तर माणसाचं बोलणं जाऊन नुसती घरघर राहते. ती टोपी बघून उत्सवातल्या बायका त्याला छळत.

"मास्तर, तुमचं हे मांजर काय खातं?"

"नावं खातं, काकू. तुमचं सांगा, भुकेलं आहे."

दुसरी मूठ मोडक्या चारांगोच्या, म्हणजे छोट्या तंतुवाद्याच्या, मानेची. बोटांना सवयीची, गुळगुळीत, वजनाला हलकी. ती त्यानं केवळ हौसेनं केली होती, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण पुढच्या तीन हौसेच्या नव्हत्या.

सेहेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी शेंगदाण्याचं सूप पिताना त्याचा चमचा वाडग्याच्या कडेवर वाजला. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिला. ग्रेगोरियानं, म्हणजे बायकोनं, वर पाहिलं. सेवेरोनं चमचा ठेवला आणि वाडगा तोंडाला लावला. त्या रविवारी एका लग्नात त्याला हेडफोनमधून ठक ठक असा बारीक आवाज ऐकू आला. कुणी दार वाजवतंय म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं. दार नव्हतंच, मोकळं अंगण होतं. त्याची स्वतःची बोटं मुठीवर थरथरत होती आणि माइक ते इमानानं टिपत होता.

तिसरी मूठ त्यातून झाली. सायकलच्या ट्यूबचे छल्ले कापून त्यानं माइक त्यात असा अधांतरी बसवला की मुठीची थरथर माइकपर्यंत चढू नये. आवाज पुन्हा स्वच्छ झाला. ओरुरोच्या लोकांनी तशा सात मुठी करून नेल्या. तीन वर्षांनी छल्ले पुरेनात, तेव्हा चौथी. हिच्या पोटात शिसं ओतलेलं. जड वस्तू धरली की हात कमी हलतो, हे त्याला सूप पिण्याच्या भांड्यांवरून कळलं होतं. पाचवीला खालून एक लांब लाकडी पट्टी, ती कोपरापर्यंत जाऊन दंडाला पट्ट्यानं बांधायची, म्हणजे हात आणि माइक मिळून एकच फांदी झाली. लोक त्या भिंतीकडे कारागिराची चढती कमान म्हणून बघत. सेवेरोला त्यात आपला उतरता हात दिसे.

आता यातली एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. उत्सवात नको म्हणायची सोय नसते. समोरच्यानं ग्लास पुढे केला की चार थेंब धरणीमातेला, पाचामामाला, शिंपडायचे आणि उरलेलं प्यायचं. एका लग्नात नवरीच्या मामानं त्याला लागोपाठ दोन ग्लास दिले आणि पाव तासात सेवेरोचा हात दगडासारखा स्थिर झाला. त्यानं बोटं पसरून पाहिली. एकही हलेना. पुढच्या उत्सवातही तसंच. दोन ग्लास, की दोन-तीन तास तो पूर्वीचा सेवेरो. दुसऱ्या दिवशी थरथर परत, थोडी जास्तच.

हे सांगायचं कुणाला? ग्रेगोरिया आणि एलोय यांचे वडील, म्हातारे आन्सेल्मो, दारूपायी रस्त्याच्या कडेला पडून गेले होते. त्या घरात "घेतली की माझा हात थांबतो" असं म्हणणं म्हणजे तेच जुनं वाक्य पुन्हा म्हणणं. ग्रेगोरियानं तर मनाशी हिशेब पक्का केला होता: उत्सवात पितो, म्हणून हात कापतो. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनंही मान वर न करता विचारलं होतं, "पिता का?" "उत्सवात." "मग सोडा." सेवेरोनं तीन महिने सोडली. त्या तीन महिन्यांत चौथी मूठ निकामी झाली.

सेवेरो सत्तावन्न वर्षांचा असताना, ऑगस्टमध्ये, त्या वर्षीच्या उत्सवाचा मान तिबुर्सियोच्या घराकडे आला. तिबुर्सियो हा म्हाताऱ्या इलारियाचा नातू. इलारियाला सगळी वस्ती मामा, म्हणजे तिकडच्या बोलीत आई, म्हणे; ऐंशीच्या पुढची, काटक, आयमाराशिवाय दुसरी भाषा तोंडातून न काढणारी. तिची मुलगी बेनिता एकोणीस वर्षांपूर्वी न सांगता एका माणसाबरोबर ब्वेनोस आयरेसला निघून गेली होती. तेव्हापासून म्हातारीनं तिचं नाव घेतलं नव्हतं. फोन आला तर ती उठून अंगणात जाई. पण नातू यजमान झाला तेव्हा म्हणाली, "दुपारी अंगणाच्या चार कोपऱ्यांवर शिंपडताना मी बोलेन. त्यात तिच्याशीही बोलेन. एकदाच."

तिबुर्सियो धावत सेवेरोकडे आला.

"सेवेरो मास्तर, एकोणीस वर्षं झाली हो! बेनिताआत्या रोज विचारते, आई काही बोलली का. बाकीचा व्हिडिओ वाया गेला तरी चालेल, एवढं मात्र नीट पकडा."

"चार कोपरे फिरणार म्हणजे माइक स्टँडवर चालणार नाही," सेवेरो म्हणाला.

"शालीला टोचता येणार नाही का, टीव्हीवाल्यांसारखा?"

"तीन शाली असतात त्यांच्या अंगावर. नुसतं लोकर घासलेलं ऐकू येईल. मी बरोबर चालेन, हातात धरून."

तो हे ठामपणे म्हणाला, कारण त्याचं गणित सरळ होतं. सकाळी अकराला पाहुणे येतात, बारापर्यंत दोन ग्लास होतात, एकला म्हातारी बोलेल. हे एक काम पार पडलं की माइक खाली ठेवायचा, असंही त्यानं मनाशी ठरवलं होतं.

उत्सवाच्या दिवशी वारा असा सुटला होता की बँडवाल्यांच्या टोप्या सुतळीनं बांधल्या होत्या. बायका घेरदार स्कर्ट आवरत गोल टोप्यांवर हात ठेवून अंगणात शिरत होत्या. अकरा वाजले. ट्रे फिरू लागले. तिबुर्सियोचा मेहुणा ग्लास भरत ओळीनं पुढं आला, एलोयला दिला, ढोलवाल्याला दिला, आणि सेवेरोला ओलांडून पुढे गेला.

सेवेरोला वाटलं, चुकून. पुढचा ट्रे आला, तोही ओलांडून गेला. तिसऱ्या ट्रेवरची बाई तर त्याच्याकडे बघून मायेनं हसली आणि पुढे सरकली. उत्सवात आपण होऊन ग्लास उचलता येत नाही. कुणीतरी द्यावा लागतो, देणाऱ्याबरोबर प्यावा लागतो. एकट्यानं बाटलीला हात लावला तर ते घरच्यांना शाप दिल्यासारखं. सेवेरो उभा राहिला, डाव्या हातानं उजवा हात दाबून.

बाराच्या सुमारास तिबुर्सियो स्वतः आला, जेवणाची वाटी घेऊन.

"मी सगळ्यांना बजावलंय, सेवेरो मास्तर. आजीचं बोलणं होईपर्यंत तुम्हाला कुणी एक थेंब देणार नाही. नंतर मी स्वतः बाटल्यांची पेटी घेऊन तुमच्यापुढे बसेन!" आणि त्यानं सेवेरोच्या पाठीवर थाप मारली. त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की सेवेरोला त्यापुढे काही बोलता येईना. यजमानाकडे तोंडानं दारू मागायची कशी?

तो एलोयकडे गेला. एलोय गुडघ्यावर बसून कॅमेऱ्याची काच पुसत होता.

"एलोय, मला एक ग्लास आणून दे."

"दाजी, आजचा दिवस तरी."

"दोन दे. ऐकून घे. घेतली की माझा हात थांबतो."

एलोयचा हात काचेवर थांबला. त्यानं वर पाहिलं, रागानं नाही, फार दमल्यासारखं.

"बाबाही हेच म्हणायचे, दाजी. अगदी याच शब्दांत."

"मी तुझा बाप नाही, एलोय."

"म्हणूनच म्हणतो, काहीतरी खाऊन घ्या. वाळवलेल्या बटाट्यांचा चुन्यो आहे, मटण आहे. बाजूला सावलीत बसा. ताईनं मला सांगून पाठवलंय, लक्ष ठेव म्हणून."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते वाक्य उच्चारलं होतं आणि ते हवेत विरून गेलं.

एक वाजता मामा इलारिया अंगणाच्या मध्यभागी आली. एका हातात दारूचा पेला, दुसऱ्यात कोकाची पानं. बँड थांबला, तरी त्या वाऱ्यात तिचं बोलणं दोन हातांपलीकडे कुणाला ऐकू जाणार नव्हतं. सेवेरोनं पाचव्या मुठीचा पट्टा दंडावर आवळला, हेडफोन कानावर चढवले आणि म्हातारीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ती केसाळ टोपी धरली. ऑगस्टमध्ये म्हातारं माणूस धरणीमातेशी बोलायला लागलं की मध्ये कुणी बोलत नाही, कुणी खोकतही नाही. थांबवलेलं बोलणं जमिनीला अर्धवट पोचतं.

पहिला कोपरा बरा गेला. म्हातारीनं गेलेल्यांची नावं घेतली. दुसऱ्या कोपऱ्याकडे वळताना सेवेरोच्या दंडातून एक ओढ आली आणि कोपरापासून बोटांपर्यंत सगळा हात पट्टीसकट हलायला लागला. पट्टी हात बांधून ठेवायला केली होती. आता उलट झालं, हाताची सगळी थरथर ती सरळ माइकला नेऊन पोचवू लागली. ठक ठक ठक. त्यानं कोपर बरगडीत रुतवलं. डावा हात मदतीला घेतला, तर तोही कापू लागला. शिशाचं वजन हवं होतं, ते घरी भिंतीवर. म्हातारीचे ओठ त्याला इतक्या जवळून दिसत होते की दातांमधल्या फटी मोजता याव्यात, आणि कानांत मात्र तिचं बोलणं नव्हतं, त्याचाच हात होता.

"बेनिता," ती म्हणाली. एवढं स्वच्छ आलं.

मग ठक ठक. मग "बटाटे". मग पुन्हा ठक ठक ठक. मग "तुझी खोली", आणि त्यापुढे नुसती थरथर.

हेडफोन काढून निदान कानांनी ऐकावं, हे त्याला सुचलं नाही असं नाही. पण दोन्ही हात मुठीवर होते. एक सोडला असता तर माइक म्हातारीच्या तोंडावर आपटला असता. तो तिच्याबरोबर चालत राहिला, तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत, चौथ्यापर्यंत. आपल्या हातून काय चाललंय ते त्या भरल्या अंगणात एकट्या त्यालाच ऐकू येत होतं. म्हातारीनं एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि तिचं बोलणं लवकर संपलं.

टाळ्या झाल्या. बँड वाजला. तिबुर्सियो डोळे पुसत पेटी घेऊन आला. "आता घ्या, मास्तर, आता पोटभर घ्या!"

मंगळवारी एलोयच्या दुकानात दोघांनी ते लावलं. एलोयनं दोनदा ऐकलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"पहिल्या कोपऱ्यापुढे काही नाही, दाजी. मी वर संगीत टाकतो. छानशी वायन्योची धून. म्हातारी बोलताना दिसेल, बेनिताला तेवढंच पुरे होईल."

"थांब. मी मामा इलारियांकडे जाऊन येतो."

मामा इलारिया दाराशी उन्हात बसून बटाटे सोलत होती. सेवेरो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आजी, तुमचं बोलणं आलं नाही. माझा हात हलला."

"मला दिसलं की." तिनं बटाटा पाण्यात टाकला. "मला वाटलं, पोराला थंडी वाजतेय. दोन कोपऱ्यांचं एकात उरकलं मी तुझ्यासाठी."

सेवेरोनं पिशवीची गाठ सोडली. मग म्हणाला, "मी यंत्र आणलंय. इथं बसल्याबसल्या बोला. मूठ नको, मी माइक त्या दगडावर ठेवतो."

"काय बोलू?"

"तेच."

"ते दिलं ना धरणीला. दिलेलं परत काढून दुसऱ्याला देऊ?" तिनं सुरी पुसली. आवाजात राग नव्हता. "तिला सांग, आई बोलली. काय बोलली ते हवं असेल तर इथं येऊन विचारावं. इथलीच माती ऐकत होती."

"तुम्ही सांगाल का तिला, आली तर?"

"आली तर बघू. तू सूप घेतोस का? थंडी आहे."

त्यानं सूप घेतलं, वाडगा तोंडाला लावून.

बेनिताचा फोन बुधवारी सकाळी दुकानातच आला. तिबुर्सियोनं तिला नंबर दिला होता. पलीकडे शिवणयंत्रांचा आवाज होता. मग कुणीतरी दार लावलं आणि तो बंद झाला.

"सेवेरो मास्तर? मी इलारियाची बेनिता. तिबुर्सियो म्हणतो, तुम्ही अगदी जवळ होतात."

"हो."

"ये म्हणाली का?"

"आई म्हणतात, काय बोलले ते इथं येऊन विचार."

पलीकडे ती हसली, आणि ते हसणं लगेच संपलं. "नवरा दोन वर्षं अंथरुणावर आहे. डावी बाजू गेलीय. त्याला टाकून येऊ कशी? तिला ते माहीत नाही, सांगूही नका. तुम्हीच सांगा ना, काय म्हणाली."

सेवेरोनं तिला पहिल्यापासून सांगितलं. आधी गेलेल्यांची नावं. मग दुसऱ्या कोपऱ्यावर तिचं नाव, स्वच्छ, मोठ्यानं, जिवंत माणसांत सगळ्यांत आधी. मग बटाटे. मग तुझी खोली.

"खोलीचं काय?"

मधल्या जागा भरून काढणं अवघड नव्हतं. कुठलीही आई काय म्हणेल ते कुणालाही सांगता आलं असतं. खोली झाडून ठेवलीय. खोली तुझीच आहे. सेवेरोच्या जिभेवर ते आलंही. पण खोलीत आता बटाटे भरतो, असंही म्हातारी म्हणाली असेल. तिच्या स्वभावात तेही होतं.

"ते मला ऐकू आलं नाही, बाई."

"तुम्ही वीतभर अंतरावर होतात ना?"

"होतो. माझा हात कापतो. माइकमध्ये तेच भरलं."

 तिच्या मागं पुन्हा दार उघडलं, यंत्रं ऐकू आली, पुन्हा मिटलं.

"तुमचा मेहुणा वर संगीत टाकणार आहे, असं तिबुर्सियो म्हणाला."

"हो."

"टाकू नका."

"खालचं काही कळणार नाही. नुसती ठकठक आहे."

"असू दे. त्या खाली ती आहे ना? मी ऐकेन. इथं पोरींचे कान चांगले आहेत, सगळ्या मिळून ऐकू. एखादा शब्द मिळेल." मग घाईनं म्हणाली, "ठेवते, मालकीण आली."

सेवेरोनं फोन ठेवला. एलोयनं पडद्यावरची वायन्योची पट्टी पुसून टाकली आणि नीट उतरलं की नाही बघायला सगळं पहिल्यापासून लावलं. दोघे ऐकत बसले. दुसऱ्या कोपऱ्यापाशी ठकठक सुरू झाली तेव्हा एलोयला वाटलं, आवाज दोन ठिकाणांहून येतोय. त्यानं खाली पाहिलं. सेवेरोचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता आणि बोटं लाकडावर वाजत होती, पडद्यातल्यासारखीच.

सकाळचे दहा वाजले होते.

"दाजी, आज काही घेतलंय?"

"चहा."

"आणि काल?"

"आजींकडे सूप."

एलोयनं त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.  पडद्यावर मामा इलारियाचे ओठ हलत होते. त्यानं संपेपर्यंत थांबून व्हिडिओ बेनिताला पाठवून दिला, जसा होता तसा.